रसायनाची जुनी पिंपे पाणी साठवण्यासाठी धुऊन घ्यायची आहेत, काय काळजी घ्यावी?

वस्तीवरचा

नमस्कार. आम्ही सिन्नर तालुक्यात गावापासून दोन किलोमीटरवर मळ्यात राहतो. घरात लहानमोठी सहा माणसे, दोन गाई आणि एक वासरू आहे. होळी झाली की विहिरीचा तळ दिसू लागतो आणि त्यानंतर पाऊस पडेपर्यंत चार-चार दिवसांनी येणाऱ्या टँकरवर दिवस काढावे लागतात. साठवायला भांडे असेल त्याचेच टँकरचे पाणी, अशी परिस्थिती असल्यामुळे या वर्षी मी एका भंगारवाल्याकडून २०० लिटरची चार पिंपे घेतली. "साबणाने दोनदा खंगाळा आणि खुशाल भरा, सगळा तालुका हीच पिंपे नेतो," असे त्याने सांगितले. परंतु घरी आणून बुचे उघडल्यावर त्याच्या शब्दावर विसंबून राहावेसे वाटेना, म्हणून येथे सविस्तर विचारतो आहे.

पहिले पिंप निळे, प्लास्टिकचे आणि दोन बुचांचे आहे. त्यावरचा कागद अर्धा फाटलेला असला तरी १८२४ हा आकडा आणि हातावर व धातूच्या पट्टीवर थेंब पडत असल्याचे चित्र स्पष्ट दिसते. बुचाच्या आट्यांभोवती पांढरी पूड साचलेली आहे. दुसरेही तसेच निळे असून त्यावर "सॉर्बिटॉल ७० टक्के" असे लिहिलेले आहे. बूच चिकट आहे आणि आणल्या दिवसापासून त्याला मुंग्या लागलेल्या आहेत. तिसऱ्या निळ्या पिंपावरचा कागद कोणीतरी खरवडून काढला आहे आणि आतून बूट पॉलिशसारखा वास येतो. मी वाकून आत पाहिले तेव्हा थोडा वेळ डोके जड झाले होते. चौथे पिंप लोखंडी आहे, त्याला थिनरसारखा वास येतो आणि हलवले की तळाशी काहीतरी घट्ट सरकते. हे चौथे मला ग्राइंडरने उभे कापून गाईंसाठी गव्हाण करायचे आहे. बाकीच्या तिन्हींपैकी एकात पिण्याचे आणि दोनांत वापरायचे पाणी भरावे, असा विचार आहे.

पिंपे किती वेळा आणि कशाने धुवावीत, ब्लीचिंग पावडर घालून रात्रभर ठेवल्यास चालेल का, आणि धुतलेले पाणी कोठे ओतावे, एवढे कृपया सांगावे.

जुना_केमिस्ट

आपण धुण्याआधी विचारलेत हे फार बरे झाले. मी रंग तयार करण्यासाठी लागणारी मधल्या टप्प्यातली रसायने बनविणाऱ्या कारखान्यांत ३१ वर्षे काम केले आणि त्यातील बराच काळ रिकाम्या पिंपांचा हिशेब माझ्याकडेच होता, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम तिसऱ्या पिंपाविषयी. ते धुऊ नका. बूट पॉलिशसारखा किंवा कडू बदामासारखा वास नायट्रोबेंझीनला येतो. नुसत्या वासावरून रसायन ओळखू नये आणि मीही तसा दावा करत नाही. पण शंका खरी निघाली तर ते श्वासातून जाते तसेच कातडीतूनही अंगात जाते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करते, आणि ओठ-नखे निळसर पडण्याचे लक्षण काही तासांनी उमटते. डोके अजूनही जड असेल किंवा धाप लागत असेल तर डॉक्टरांकडे जा आणि पिंपाची हकीकत त्यांना स्वतःहून सांगा. पिंपाचे बूच घट्ट लावा, हातमोजे घालून ते गोठ्यापासून व विहिरीपासून दूर सावलीत ठेवा, त्यावर तेलरंगाने ठळक "विषारी" असे लिहा आणि जेथून आणले तेथे परत द्या. ज्या पिंपावर कागद नाही ते पिंप कितीही स्वस्त मिळाले तरी घरात घेऊ नये. त्यातही खरवडलेला कागद अधिक वाईट, कारण तो आपोआप गळालेला नसून कोणाला तरी आतला माल लपवायचा होता.

आता "किती वेळा धुवावे" या प्रश्नाकडे येतो. स्टीलच्या डब्यात हळद ठेवली तर डबा धुतला की स्वच्छ होतो. प्लास्टिकच्या डब्यात ठेवली तर दहा वेळा घासूनही पिवळेपणा जात नाही, कारण हळदीचा रंग प्लास्टिकच्या अंगात शिरलेला असतो. ही निळी पिंपे एचडीपीई नावाच्या प्लास्टिकची असतात. पाण्यात विरघळणारी आम्ले, अल्कली आणि क्षार त्यांच्या भिंतीत फारसे शिरत नाहीत. थिनर, टोल्यूइन, कीटकनाशकांचे तेलकट द्रावण, फिनॉलसारखी द्रव्ये मात्र शिरतात आणि नंतर महिनोन्‌महिने थोडी थोडी बाहेर येत राहतात. धुण्याने आपण पृष्ठभाग धुतो, भिंत धुतली जात नाही. म्हणून आत काय होते हे कळल्याशिवाय किती वेळा धुवावे याला उत्तर देता येत नाही. निळा रंग म्हणजे खाद्यपदार्थांसाठीचे पिंप, असाही एक समज आहे; त्या रंगाला तसा काही अर्थ नाही. तळाशी किंवा बाजूला उठावात १एच१ अशी अक्षरे असतील तर ती फक्त "न उघडणाऱ्या माथ्याचे प्लास्टिकचे पिंप" एवढेच सांगतात, आतल्या मालाबद्दल काही सांगत नाहीत.

आतल्या मालाबद्दल सांगतो तो कागदावरचा चार आकडी क्रमांक, जो संयुक्त राष्ट्रांच्या यादीतून आलेला असतो. आपल्या पहिल्या पिंपावरचा १८२४ हा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा आहे. १७८९ असता तर हायड्रोक्लोरिक आम्ल, १८३० असता तर सल्फ्यूरिक आम्ल, १२९४ असता तर टोल्यूइन, आणि १६६२ हा नायट्रोबेंझीनचा. मात्र येथे एक खोच आहे, जी कारखान्याबाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. कागद सांगतो तो पहिला माल. शेवटचा माल वेगळा असू शकतो. कॉस्टिकचे पिंप रिकामे झाले की त्यात कधी टाकाऊ द्रावक, कधी गाळ, कधी फरशी पुसलेले पाणी भरून ठेवले जाते. त्यामुळे कागदावर दुसरा कागद चिकटवलेला आहे का, मार्करने काही खरडलेले आहे का, हे चारही बाजूंनी पाहा. बूच उघडून पिंप मोकळ्यावर अर्धा तास ठेवा आणि नाक तोंडाशी न नेता हाताने हवा स्वतःकडे सारून पाहा. कॉस्टिकला वास नसतो, त्यामुळे कसलाही वास आला तर ते पिंप तिसऱ्याच्या शेजारी ठेवा.

वास नसेल तर ते धुता येईल. कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे, बाजूंनी बंद असलेला गॉगल, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायात बूट हवेत. चप्पल चालणार नाही. बुचाभोवती साचलेली पांढरी पूड म्हणजे वाळलेले कॉस्टिक होय. ती फुंकरीने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि ते फडके लगेच पाण्यात बुडवा. डोळ्यात कण गेला तर चोळत न बसता निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरावा आणि मग दवाखाना गाठावा. कॉस्टिक डोळ्याच्या आत उतरत जाते, म्हणून ते आम्लापेक्षा अधिक घातक ठरते. पाण्याची नळी किंवा भरलेली बादली काम सुरू करण्याआधीच हाताशी असू द्या.

एकदाच पुष्कळ पाणी घालण्यापेक्षा थोडे थोडे पाणी तीनदा घालावे. समजा तळाशी आणि कोपऱ्यांत मिळून २०० मिलिलिटर द्रावण उरले आहे. ते ५० टक्क्यांचे असेल तर त्यात सुमारे १५० ग्रॅम कॉस्टिक असते. दहा लिटर पाणी घालून, पिंप आडवे लोळवून, उलटे करून रिकामे केले आणि पुन्हा २०० मिलिलिटर मागे राहिले असे धरले, तर दर वेळी पन्नासावा भाग उरतो. असे तीनदा केले की १५० ग्रॅमचे साधारण एक मिलिग्रॅम राहते. तेच तीस लिटर पाणी एकदम ओतले असते तर एक ग्रॅम राहिले असते. पाणी तेवढेच, फरक हजारपटीचा. टंचाईच्या गावात हा हिशेब कामी येईल. पाणी थंडच वापरा, कारण दाट कॉस्टिकमध्ये पाणी मिसळताना उष्णता निघते. रिकामे करताना बूच असलेली कड सर्वांत खाली येईल असे पिंप तिरपे धरा, नाहीतर कडेच्या खोबणीत द्रावण अडून बसते. बुचातले वायसर काढून वेगळे धुवा. चौथ्या पाण्यात वाटीभर व्हिनेगर घाला आणि शेवटी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला लिटमस कागद बुडवून पाहा. तांबडा कागद तांबडाच राहिला पाहिजे. पहिल्या दोन धुण्यांचे पाणी विहिरीपासून व झाडांपासून दूर, एका टबात जमा करून व्हिनेगरने शमवल्यावरच टाकावे. अ‍ॅल्युमिनियमचे घमेले किंवा पातेले या कामाला घेऊ नका. कॉस्टिक त्याला खाते आणि हायड्रोजन वायू सुटतो.

ब्लीचिंग पावडर नको. व्हिनेगर किंवा इतर कोणत्याही आम्लाशी तिची गाठ पडली की क्लोरीन वायू निघतो, आणि काय आहे ते माहीत नसलेल्या पिंपात तर ती मुळीच घालू नये.

अशा रीतीने धुतलेले कॉस्टिकचे पिंप अंगण सारवायला, शौचालयाला आणि बांधकामाच्या पाण्याला वापरा. हिशेबाने ते पिण्यासही निर्धोक ठरेल, परंतु शेवटच्या मालाची खात्री आपल्याला नाही, म्हणून पिण्यासाठी मी ते वापरणार नाही. सॉर्बिटॉल हे टूथपेस्टमध्ये आणि पातळ औषधांत जाणारे गोड द्रव्य आहे. ते पाण्यात पूर्ण विरघळते आणि प्लास्टिकात शिरत नाही, तेव्हा आपल्या चार पिंपांत कामाचे पिंप तेच आहे. लोखंडी पिंपाबद्दल मात्र येथे एखादा फॅब्रिकेशनवाला असेल तर त्याने बोलावे. तोवर ग्राइंडर लावू नका.

एक गोष्ट राहिली. घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपे ही २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत, पहिल्या अनुसूचीत ३३.१ या क्रमांकावर घातक कचरा म्हणूनच धरलेली आहेत. ती कारखान्याने अधिकृत परवाना असलेल्या शुद्धीकरण केंद्रालाच द्यायची असतात. तेव्हा भंगारवाला परत घेण्यास कुरकुर करू लागला, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारतो, एवढे म्हणून पाहा.

द्राक्षवाला_निफाड

केमिस्ट काकांचे म्हणणे वाचले. आदर ठेवून सांगतो की आमच्याकडे पंधरा वर्षांपासून अशी सात-आठ पिंपे आहेत. जीवामृताचे प्रमाणच मुळी २०० लिटरचे असते, म्हणजे दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. त्याला दुसरे भांडे परवडत नाही. आम्ही माती आणि निरमा लावून पिंपे धुतली, आणि कोणाला काही झाले नाही.

तरीही एक अनुभव प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. तीन वर्षांपूर्वी शेजाऱ्याकडून एक पिंप आणले होते, ज्यात त्याने टू-फोर-डी हे तणनाशक कालवलेले होते. ते मी तीनदा निरम्याने धुतले, आठवडाभर उन्हात ठेवले, वास पूर्ण गेला, आणि मग त्यातून टोमॅटोच्या रोपांना विद्राव्य खत दिले. आठ-दहा दिवसांत शेंड्याची पाने दोरीसारखी अरुंद झाली, शिरा एकमेकींना समांतर दिसू लागल्या आणि खोडे पिळवटली. मी व्हायरस समजून दोन फवारण्या वाया घालवल्या. कृषी सहायकाने पान हातात घेतले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी कोणत्या पिंपातले?" सुदैवाने तो हात द्राक्षबागेवर गेला नव्हता, कारण द्राक्षाला तर हे तणनाशक शेजारच्या रानातून वाऱ्याने आलेलेही सोसत नाही. ते पिंप आता तांबडा पट्टा मारून फक्त तणनाशकासाठी ठेवले आहे.

जीवामृताबाबतही एकदा असे झाले होते की एका पिंपात चौथ्या दिवशीही फेस आला नाही आणि आंबूस वासही नाही. शेजारच्या पिंपात तेच शेण, तोच गूळ घालून ते उतू जात होते. पिंपात आधी काय होते ते मला आजही कळलेले नाही.

जुना_केमिस्ट

दादा, आपली टोमॅटोची पाने ही माझ्या सगळ्या लिखाणापेक्षा चांगला पुरावा आहेत. नाकाला वास येईनासा झाला तेव्हाही झाडाला पुरेल एवढे तणनाशक त्या भिंतीत होते. "कोणाला काही झाले नाही" याबद्दल एवढेच म्हणतो की जीवामृत जमिनीत जाते, पिण्याचे पाणी पोटात. दोन्हींना एक माप लावता येत नाही.

कीटकनाशकाच्या डब्यांविषयी तर तडजोडच नको. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेतील माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. तपासात स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले आणि तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेल्याचे तेव्हा समोर आले होते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत वापरलेली वेष्टने पुन्हा कोणी वापरू नयेत म्हणून ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत असे सांगितले आहे, ते उगीच नाही. डब्यावरच्या चौकटीतला त्रिकोण तांबडा असो, पिवळा, निळा की हिरवा असो, तो डबा घरात येता कामा नये. हिरवा म्हणजे निर्धोक असे समजणारे पुष्कळ भेटतात. तो चार पायऱ्यांपैकी सर्वांत कमी विषारी, एवढाच त्याचा अर्थ आहे.

कटिंग_वेल्डिंग

मी साताऱ्याकडे फॅब्रिकेशनचे दुकान चालवतो. प्रश्नकर्त्यांना हात जोडून सांगणे आहे की त्या लोखंडी पिंपाला ग्राइंडर, गॅस कटर किंवा वेल्डिंग यांपैकी काहीही लावू नका, आणि कोणा पोऱ्याला "जरा कापून दे" म्हणून देऊही नका.

आमच्या धंद्यात भरलेल्या पिंपापेक्षा रिकाम्या पिंपाला जास्त भितात. भरलेल्यात हवा नसते. रिकाम्यात वाफ आणि हवा एकत्र असतात, आणि ग्राइंडरची एक ठिणगी त्यांना पुरते. मी उमेदवारी करत असताना शेजारच्या दुकानात एकाने रंगाचे पिंप असेच उभे कापायला घेतले होते. "काल धुतले आहे, वास येत नाही," असे तो म्हणाला. पाते आत शिरले आणि पिंपाचा तळ सुटून वरच्या पत्र्यात अडकला. कापणारा बाजूला बसलेला होता म्हणून त्याच्या मनगटावर निभावले, तळाच्या रेषेत असता तर निभावले नसते. तो पत्रा पुढे कित्येक वर्षे तसाच फुगलेला होता आणि आम्ही नव्या पोरांना तो दाखवत असू.

धुतल्यावरही धोका का राहतो, तर पिंपाच्या वरच्या-खालच्या कडेला पत्रा दुमडून घट्ट केलेला असतो आणि त्या घडीत माल शिरून बसतो. तळाशी वाळलेल्या रंगाचा थर थंड असताना वास देत नाही, पण पाते चालून पत्रा तापला की त्यातून नव्याने वाफ निघते. डिझेलचे किंवा ऑइलचे पिंप याच कारणाने फसवते. गार डिझेलला काडी लावली तर ते सहसा पेटत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि तापलेल्या पत्र्याने त्याची वाफ करून दिली की मग काही करता येत नाही. जाणकार लोक पिंप पाण्याने काठोकाठ भरून, वायूला वाट ठेवून, ठिणगी न पाडता कापतात. ते घरी अंगणात करण्याचे काम नाही आणि खरे सांगायचे तर मीही आता घेत नाही.

शिवाय ती गव्हाण आहे. गाई कोंडा-पेंड खाऊन झाल्यावर कडा आणि तळ चाटत बसतात. जुन्या रंगात शिसे असू शकते, आणि शिसे चाटलेल्या जनावराला वाचवणे अवघड असते. ते पिंप बूच लावून परत करा आणि गव्हाणीसाठी नवी घमेली घ्या किंवा विटांची बांधून घ्या.

जुना_केमिस्ट

वरील प्रतिसादाला आकड्यांची जोड देतो. टोल्यूइन हा थिनरमधला नेहमीचा घटक आहे आणि हवेत त्याची वाफ १.१ टक्का झाली की मिश्रण स्फोटक बनते. २०० लिटरच्या पिंपात एवढी वाफ होण्यासाठी सुमारे दहा मिलिलिटर टोल्यूइन पुरते, म्हणजे चहाचे दोन चमचे. आपल्या पिंपाच्या तळाशी जे घट्ट सरकते आहे, ते दोन चमच्यांहून नक्कीच जास्त आहे.

आणखी दोन लोखंडी पिंपांचा उल्लेख करून ठेवतो. गाद्यांचा फोम बनवताना वापरायच्या आयसोसायनेटच्या पिंपात पाणी घालून बूच लावले तर आत कार्बन डायऑक्साइड तयार होत राहतो आणि पिंप फुगून फुटते. दाट सल्फ्यूरिक आम्लाला लोखंड दाद देत नाही, म्हणून ते लोखंडी पिंपात येते. पण धुण्यासाठी थोडे पाणी घातले की पातळ झालेले आम्ल लोखंड खाऊ लागते आणि हायड्रोजन सुटतो. धुणे हीच गोष्ट जेथे धोक्याची आहे, अशी ही पिंपे आहेत.

इचलकरंजीची_सुगरण

माझा रसायनांशी संबंध नाही, पण पापड-लोणच्यांचा बचत गट चालवत असल्यामुळे पिंपांशी मात्र रोजचा आहे. भंगारात जाण्यापेक्षा सरळ खाद्यपदार्थांच्या कारखान्यांकडे किंवा मोठ्या मिठाईवाल्यांकडे विचारावे. लिक्विड ग्लुकोज, ग्लिसरीन, व्हिनेगर यांची पिंपे तेथे निघतात, आणि ज्याने माल वापरला त्याच्याच हातून पिंप घेतले म्हणजे केमिस्ट काका म्हणतात तो शेवटच्या मालाचा प्रश्न बराचसा सुटतो. आम्ही तसे घेतो, बूच उघडून वास घेतो आणि पावतीवर मालाचे नाव लिहून मागतो.

सॉर्बिटॉलच्या पिंपाला साबणाची घाई करू नका, नाहीतर चिकटा आणि फेस यांच्यात दिवस जाईल. अंघोळीला घेतो त्याहून थोडे जास्त कढत पाणी दोन बादल्या घालून पिंप अर्धा तास आडवे ठेवा आणि मधून मधून लोळवा. उकळते पाणी घालू नका, प्लास्टिक मऊ पडून पिंप बसके होते. चिकटा उतरला की मग धुण्याचा सोडा घालून एकदा आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. हात आत जात नाही म्हणून आम्ही वरचा माथा साध्या करवतीने कापून घेतो आणि कड काचकागदाने घासतो, नाहीतर पाणी काढताना मनगट कापते. नंतर दोन दिवस उन्हात पालथे ठेवा. शेवटी तळाला बादलीभर पाणी घालून झाकून एक दिवस ठेवा आणि त्या पाण्याने तोंड न धुता नुसता वास घ्या. माथा कापलेला नसेल आणि गोडसर वास आला तर बुचाच्या वायसरमध्ये माल उरलेला असतो. वायसर नवे घाला.

काकांच्या हळदीच्या डब्यात माझी भर घालते. आमच्याकडे लोणच्याचे एक पिंप आहे, ज्याला तीन वर्षांत आम्ही लोणचे दाखवलेले नाही. त्यात आम्ही भांडी घासायची राख ठेवतो आणि उन्हाळ्यात झाकण काढले की अजूनही हिंग-मोहरीचा वास दरवळतो. लोणच्याचे ते कौतुक आहे, औषधाचे असते तर कौतुक नसते.

माथा कापला तर त्यावर फडके ताणून दोरीने बांधा. उघड्या पिंपात आठवड्यात डासांच्या अळ्या होतात आणि डेंगीचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, म्हणून आठ दिवसांतून एकदा पिंप रिकामे करून आतल्या भिंती घासाव्यात. टंचाईत पिंप रिकामे करणे जिवावर येते हे मला कळते; आमच्याकडे तेच पाणी त्या दिवशी भाजीच्या वाफ्याला जाते.

वस्तीवरचा

सर्वांचे मनापासून आभार. डोके दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरले होते, तरीही काकांच्या सांगण्यावरून तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून प्राणवायू पाहिला, नखे पाहिली, रक्तही तपासले आणि काळजीचे कारण नाही असे सांगितले.

तिसरे आणि लोखंडी अशी दोन्ही पिंपे काल परत नेली. भंगारवाल्याने आधी पैसे देण्यास नकार दिला; मंडळाचे नाव काढल्यावर निम्मे दिले. तिसऱ्या पिंपावर मी लिहिलेले "विषारी" मात्र त्याने माझ्यासमोरच चिंधीने पुसायला घेतले. तेलरंग वाळलेला होता, म्हणून तो निघाला नाही.

कॉस्टिकचे पिंप सांगितल्याप्रमाणे धुतले. बाहेरून किरकोळ वाटलेली पांढरी पूड बुचाच्या आट्यांत खडूच्या तुकड्यासारखी घट्ट बसलेली होती आणि ती पाण्यात पडल्यावर मगमधले पाणी खरोखर कोमट झाले. लिटमस पहिल्या तीन पाण्यांत निळा होत होता, व्हिनेगरनंतर तांबडा राहिला. ते पिंप शौचालयापाशी ठेवले आहे. सॉर्बिटॉलचे पिंप माथा न कापता ताईंच्या पद्धतीने धुऊन झाले, मुंग्याही गेल्या, परंतु पाणी एक दिवस ठेवल्यावर अगदी पुसट गोड वास येतो. वायसर येथे मिळाले नाही. त्यात पिण्याचे पाणी भरावे का?

जुना_केमिस्ट

माथा कापून घेतलात तर बूच आणि वायसर दोन्ही त्याच्यासोबत निघून जातील आणि बहुतेक वासही जाईल. तो जाईपर्यंत त्यात भांडी-कपड्यांचे आणि गुरांचे पाणी भरा. गुरांना सॉर्बिटॉलच्या अंशाने काही होणार नाही.

पिण्यासाठी मात्र मला विचाराल तर एक तरी नवे भांडे घ्या. रोटो पद्धतीने बनवलेल्या पाण्याच्या टाक्यांवर आयएस १२७०१ हा क्रमांक असतो, आणि खाद्यपदार्थ व पिण्याचे पाणी यांच्याशी संबंध येणाऱ्या पॉलिथिलीनसाठी आयएस १०१४६ हे मानक आहे. दुकानदाराला पिंप दाखवायला सांगताना हा क्रमांक विचारा. सहा माणसांना पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज तीस लिटर धरले तर चार दिवसांना १२० लिटर होतात, म्हणजे २०० लिटरचे एकच नवे पिंप पुरेल. बाकीची साठवण जुन्यांत करा आणि दोन्हींची तांबे-पेले वेगळी ठेवा.

वस्तीवरचा

माथा आज कापला. वास वायसरचाच होता. नव्या पिंपासाठी शनिवारी सिन्नरला जातो आहे, क्रमांक लिहून घेतला आहे.